सतरा एकांची संख्या

शिगवण सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी मिरजोळ्याला कारखान्यात कोळंबीच्या पाकिटांची वजनं तपासत उभी होते. सकाळचे साडेनऊ झाले असतील. फोन काकूंचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा होता. "हे गेले गो नीला... चहा ठेवला आणि हाक मारली, तर उठलेच नाहीत," एवढंच त्या बोलल्या. मी काट्यावरचं पाकीट उचललं, वजन वहीत लिहिलं, पुढचं पाकीट ठेवलं, त्याचंही लिहिलं. हात आपले चालत होते. दुःख नंतर आलं आणि भरपूर आलं, पण त्या क्षणी मनात आलं ते वेगळंच, आणि ते सांगायला मला अजून लाज वाटते. गेल्या महिन्याभरात मी सरांना दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक खरी होती, एक खोटी. खोटी दुरुस्त करायची राहून गेली होती आणि आता ती तशीच राहणार होती. मी सुपरवायझरला सांगून निघाले. कुवारबावला सरांच्या दारात चपला काढताना पाहिलं, तर आम्ही रोज बसायचो ते खिडकीजवळचं टेबल कुणीतरी भिंतीला सरकवून ठेवलं होतं.

सर मूळचे मंडणगडकडचे. घरी भातशेती, थोरले भाऊ सगळे मुंबईला. हे एकटेच शिकत राहिले आणि रत्नागिरीत हायस्कुलात गणिताचे मास्तर झाले. उंची बेताची, आवाज मात्र तीन वर्गांना पुरेल एवढा. रागीट होते. उत्तर चुकलं तर एक वेळ सोडतील, पण ताळा न पाहता पाटी दाखवली की कान पिळलाच. मी आठवीत असतानाची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस आणि वर्गात आम्ही सतराच जण. सर म्हणाले, हजेरी घेत नाही, प्रत्येकाने येऊन फळ्यावर एक-एक 'एक' काढा. आम्ही ओळीने काढले. माझा डावीकडून सहावा, जरा तिरका. झाली संख्या : १११११११११११११११११. "आता हिला भाग घालवून दाखवा," सर म्हणाले. दोनाने जाईना, तीनाने जाईना, पाचाचा प्रश्नच नव्हता, सात आणि अकराही करून झाले. तेराने एका मुलाचा गेला, पण त्याने मध्येच जास्तीचा एक उतरवला होता. तास संपला तेव्हा सर फळ्याकडे तोंड करूनच उभे होते. "उद्या सांगतो," म्हणाले. तो उद्या काही आला नाही. पोर्शन, परीक्षा, सहली, आणि आम्ही शाळा सोडून गेलो.

पुढे तीसेक वर्षांनी सर कुवारबावला भाजी घेताना दिसले. निवृत्त होऊन महिनाच झाला होता. नमस्कार केला, कारखान्यात असते म्हणून सांगितलं आणि काहीतरी बोलायचं म्हणून थट्टेने विचारलं, "सर, त्या सतरा एकांना भाग गेला का?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं ओळखलं नाही. "सहावा एक तुझा. तिरका," ते म्हणाले. मग पिशवी खाली ठेवून म्हणाले, "नाय गेला अजून. तुझी पाळी कधी सुटते?" साडेतीनला, म्हटलं. "मग चार वाजता ये." मी गेले. त्याला चौदा वर्षं झाली. घरी नवरा सुरुवातीला चिडवायचा, की दुसऱ्या बायका भिशीला जातात आणि आमची भागाकाराला. नंतर त्यानेही नाद सोडला.

आमची पद्धत सांगायला हवी, कारण चूक त्या पद्धतीतच झाली. अशा संख्येला भाग जाणारी मूळ संख्या कुठलीही असून चालत नाही. तिच्यातून एक वजा केला तर उरलेल्याला चौतीसने भाग जावा लागतो. सरांनी ते सिद्ध करून मला दोनदा समजावलं होतं, मला दीडदा समजलं. या नियमाने सरांनी भाजकांची यादी केली होती, लहानापासून मोठ्याकडे, एकाखाली एक. रोज चार वाजता चहा, मग यादीतले पुढचे दोन भाजक त्यांनी घ्यायचे, दोन मी. पाठकोऱ्या कागदावर आधी भाजकाचा एक ते नऊ पाढा मांडायचा आणि मग भागाकार. बाकी उरली की ती मोठ्या वहीत त्या भाजकापुढे लिहायची. आणि लिहिण्याआधी नवाचा ताळा, म्हणजे आकड्यांच्या बेरजा करून उत्तर पडताळायचं, तोही ज्याचा त्याने पाहायचा नाही, दुसऱ्याने पाहायचा. सतरा एकांची बेरीज सतरा, एक आणि सात आठ; म्हणून आमचा ताळा नेहमी आठ यायला हवा. पहिल्या वर्षी आम्ही अकराचाही ताळा घ्यायचो. त्यात वेळ फार जातो म्हणून सरांनीच तो बंद केला. आणखी एक नियम होता : दुसऱ्याचा भागाकार चालू असताना तोंड उघडायचं नाही. डोळ्यांना चूक दिसली तरी नाही. "चूक ज्याची त्याला सापडू दे, नायतर पुढच्या वेळी तीच करील," असं त्यांचं म्हणणं.

हे सगळं मोबाईलवर एका सेकंदात होतं, हे आम्हाला माहीत नव्हतं असं समजू नका. सरांचा मुलगा मुंबईहून आला की हटकून तेच सांगायचा. एकदा फोन बाहेर काढून म्हणाला, बाबा, बघू का? सर ताडकन म्हणाले, "पेपर फुटला म्हणून आम्ही अभ्यास करायचा नाय काय?" मुलाने फोन खिशात घातला. मलाही कितीदा मोह झाला, पण मी कधी पाहिलं नाही. कारखान्यात माझं कामच मुळी दुसऱ्यांनी भरलेलं पाकीट पुन्हा काट्यावर ठेवायचं आहे. यंत्रावर आकडा दिसत असतो. तरी मी वजन पाहते, माझ्या हाताने लिहिते आणि खाली सही करते. सरांकडे मला तसंच वाटायचं. उत्तर जगाला माहीत असेल, आमच्या वहीत ते नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात सरांच्या छातीत पाणी झालं. महिनाभर दवाखाना झाला. घरी आले ते हडकून, आणि डॉक्टरांनी बजावलं, की दगदग नको, मनाला त्रास होईल असं काही नको. रोजचे दोन भाजक एकावर आले. तोही दीड-दोन तास चालायचा. तीन आकडे झाले की पेन्सिल ठेवायचे, श्वास घ्यायचे, पुन्हा उचलायचे. यादीत आम्ही अडतीस लाखांच्या जवळ पोचलो होतो. "अडतीस लाख तरी पार होतील ना गो?" ते विचारायचे. मी म्हणायचे, होतील की. मनात मोजायचे, त्यांच्या वाट्याचे चाळीसेक भाजक, म्हणजे चाळीस दिवस...

त्याच सुमाराला मी जुन्या वह्या उतरवायला घेतल्या. आपल्याकडच्या दमट हवेने पानांना बुरशी आली होती, कडा कसरीने खाल्ल्या होत्या. मी वहीतली रांग आणि जुन्या गठ्ठ्यातला भागाकाराचा कागद ताडून नव्या वहीत लिहीत होते. सहा वर्षांपूर्वीच्या गठ्ठ्यात एका रांगेशी थांबले. वहीत भाजक होता २०७१७२३. कागदावर माझ्या अक्षरात भाजक होता २०१७७२३. यादीतून उतरवताना मी सात आणि एक उलटे लिहिले होते आणि भलत्याच संख्येने भागून बाकी काढली होती, १२८५५५९. ताळा मात्र जुळला होता, कारण आकडे तेच, नुसते जागा बदललेले, म्हणजे बेरीज तीच. नवाच्या ताळ्यात ही चूक सापडत नाही. अकराच्या ताळ्यात सापडली असती. कागदाच्या तळाला, उजव्या कोपऱ्यात, सरांची ती वळणदार खूण होती : ता. बरोबर.

मी कोरा कागद घेतला, बरोबर भाजक लिहिला आणि भागाकार केला. शेवटच्या ओळीत वरती १४५०२०६१ होते आणि पाढ्यातली सातवी ओळही १४५०२०६१ होती. खाली काहीच उरलं नाही. मी पुन्हा केला. मग तिसऱ्यांदा. आठवीतल्या त्या दिवसाचं उत्तर माझ्या समोर पडलं होतं. सहा वर्षं, सात हजारांच्या वर भागाकार, सगळे नको असलेले. ते माझ्यामुळे.

आठ दिवस मी गप्प बसले. रोज चारला जायचे. समोर सर धापा टाकत असे भाजक करायचे ज्यांची काही गरज नव्हती, हे त्या खोलीत एकट्या मला माहीत होतं. श्वास मोजके उरलेत असं डॉक्टरांनी काकूंना सांगितलं होतं, आणि ते श्वास माझ्या चुकीपायी खर्च होताना मी चहा पीत पाहत होते. सांगावं, तर मनाला त्रास नको असं बजावलेलं. न सांगावं, तर माणूस उत्तर न कळता जाणार, आणि ते उत्तर, सरांच्या खुणेच्या जुन्या कागदासकट, माझ्या पर्समध्ये घडी घालून ठेवलेलं. मला काकूंचा राग यायचा, डॉक्टरांचा यायचा, त्या तिरक्या एकाचासुद्धा यायचा. नवव्या दिवशी सरांच्या हातून पेन्सिल दोनदा पडली. दुसऱ्यांदा मी उचलून दिली आणि बोलून गेले.

"सर, एक चूक सापडल्ये."

"कितवी रांग?"

"वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस. मी भाजक उलटा उतरवला होता. सात-एकच्या जागी एक-सात."

ते खिडकीकडे बघत राहिले. मग हळू विचारलं, "पुन्हा केलास?"

"तीनदा. बाकी शून्य येत्ये."

मग जो प्रश्न यायला नको असं मला वाटत होतं तोच आला. "ताळा कोणी पाहिला होता?"

"मीच," मी म्हटलं. "तुम्ही तेव्हा मंडणगडला गेला होतात, जमिनीच्या कामाला. मी एकटीनेच उरकलं होतं."

खोटं बोलायचं आधी ठरवलं नव्हतं. पण ज्या माणसाने जन्मभर पोरांचे कान ताळ्यापायी पिळले, त्याला शेवटच्या दिवसांत त्याचीच खूण कशी दाखवायची? आणि अकराचा ताळा बंद करायचं कोणी ठरवलं होतं, हे त्यांच्या लक्षात आल्याशिवाय राहिलं नसतं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. "तो कागद आण उद्या." कसरीने खाल्ला, मी म्हटलं. "निघ आता," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

चार दिवस बोलावणं नाही. मी कारखान्यातून सुटायचे आणि कुवारबावच्या थांब्यावरून सरळ पुढे घरी जायचे. पाचव्या दिवशी काकूंचा फोन आला. "येऊन जा गो. तुझंच नाव घेत नायत, पण कागद मांडून बसल्येत. सकाळपासून काय खाल्लंनीत नाय." गेले तर सर टेबलाशी. मान वर न करता म्हणाले, "मी स्वतः करणार. तू बस. बोलायचं नाय." त्या दिवशी नुसता पाढा झाला, नऊ ओळी. दुसऱ्या दिवशी भागाकार सुरू झाला. पाच, तीन, सहा बरोबर आले. चौथ्या ओळीत हातचा घेताना ते चुकले. चार लाख साठ हजार यायला हवे होते, तिथे चार लाख पन्नास हजार लिहिले.

मला दिसलं. मी पदर मुठीत धरला. बोलले तर नियम मोडला, आणि त्याहून वाईट म्हणजे, उत्तर मी काढून दिलं असं होणार. न बोलले तर पुढच्या सहा ओळी वाया, आणि एकेका ओळीला त्यांना पाच-पाच मिनिटं थांबावं लागत होतं. काकू दारात उभ्या होत्या. त्यांना गणितातलं काही कळत नव्हतं, पण माझं तोंड बघून काहीतरी बिनसलंय हे कळलं असावं. त्या माझ्याकडे बघत होत्या, मी सरांच्या हाताकडे. दोन दुपारी ते सगळं चाललं. शेवटी खाली बाकी उरली : २०६९२१. सरांनी पेन्सिल ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आशा होती, खरंच होती. बाकी उरली असेल तर सहा वर्षं वाया गेलेली नव्हती. "ताळा घे," ते म्हणाले.

मी घेतला. "सात येतोय सर. आठ हवा."

सर मागे टेकले. "तुला दिसलं होतं?"

"हो. चौथी ओळ."

"आणि बसून राहिलीस?"

"तुम्हीच शिकवलंत."

ते हसले का खोकले ते नीट कळलं नाही. "हट्टी कार्टी," म्हणाले, आणि काकूंकडे पेज मागितली.

तिसरा कागद तीन दुपारी पुरला. चौथी ओळ आली तेव्हा दोघांनीही श्वास धरला होता. त्यांनी बरोबर लिहिलं आणि बोटाने त्याखाली एकदा टकटक केलं. शेवटच्या दिवशी नववा आकडा झाला, वरून एक उतरवला, आणि त्यांच्या कागदावर १४५०२०६१ उभे राहिले. पाढा बाजूलाच होता. त्यांनी सातव्या ओळीवर नजर टाकली, वरती सात लिहिला, आठही आकडे एकाखाली एक उतरवले, रेघ ओढली आणि शून्य काढलं. अगदी लहान. मी न सांगता ताळा घेतला. भाजकाचे चार, भागाकाराचे दोन, चार दुणे आठ. "आठ," मी म्हटलं. काकूंनी देवापुढे साखर ठेवली. त्यांना वाटलं, सरांना कसलातरी रिपोर्ट चांगला आला.

मला वाटलं, झालं. सर मात्र भागाकाराकडे बघत होते, ५३६३२२२३५७. "हिला पुन्हा भाग जातो काय?" ते म्हणाले. आता ही नवी संख्या सुरू करणार की काय? पण त्यांचं चालूच होतं. "हिचं वर्गमूळ त्र्याहत्तर हजारांच्या वर थोडंसं, भाग जायचा तर त्याच्या आतल्याच एखाद्याने जाणार. हिला ज्याने भाग जाईल त्याने मूळ संख्येलाही जाणार. आणि त्र्याहत्तर हजारांच्या खालचे भाजक आपण कधी केले?" पहिल्या वर्षी, मी म्हटलं, पहिल्याच वहीत. "एकानेही गेला नाय. म्हणजे हिला भाग जात नाय. अवयव दोनच. संपलं." चौदा वर्षांपूर्वी, अकराचाही ताळा घेत केलेले ते चारशे-साडेचारशे भागाकार त्या एका वाक्यात कामाला आले. सरांचा चेहरा असा दिसला, की मी नजर वळवली. मग ते हळू म्हणाले, "सहा वर्षं गेली गो नीला."

"हो सर. माझ्यामुळे."

मी थांबले. एखादा शब्द येईल म्हणून चहाचे कप विसळून येईपर्यंत थांबले. "मोठी वही इथेच ठेवून जा," एवढंच म्हणाले. त्यानंतर तीन दिवसांनी काकूंचा तो फोन आला.

तेरावं झाल्यावर काकूंनी वही जुन्या साडीच्या तुकड्यात बांधून मला दिली. आमच्याकडे कोण बघणार ती, म्हणाल्या. ती उघडायला मला आठवडा लागला. काय लिहिलेलं असेल याची भीती होती आणि काहीच लिहिलेलं नसेल याची त्याहून जास्त. ती रांग मी शोधली. २०७१७२३. पुढची १२८५५५९ ही बाकी एका सरळ रेघेने खोडली होती आणि शेजारी शून्य काढलं होतं. शेऱ्याचा रकाना आम्ही चौदा वर्षांत कधी वापरला नव्हता. त्यात सरांचं अक्षर होतं, ओळ सोडून खाली गेलेलं, मध्ये दोनदा पेन्सिल टेकलेली :

"ताळा मीच पाहिला होता. मंडणगडला मी त्या वर्षी गेलोच नव्हतो."

पर्समधला तो जुना कागद मी काढला आणि त्या पानात ठेवून दिला.